इंजिनाच्या आडून खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास खुले पत्र

महोदय,

पत्र खुलं लिहितोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. टोपणनाव होतं, पण ते खातं आता बंद झालंय, त्यामुळे ते छापून काही साधणार नाही. डावाची खूण दिली असती, पण तो डाव तुम्ही खेळलाच नव्हता, तेव्हा तुम्हाला त्यातलं काय आठवणार? मीच सांगतो.

पंधरा मिनिटांचा डाव, दर चालीला दहा सेकंद वाढीव. तुमचं रेटिंग माझ्याहून थोडं कमीच दिसत होतं. तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलंत. मी वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं एक घर सरकवलं, म्हणजे कारो-कान. तो बचाव मी तेव्हा नुकता शिकत होतो. बाविसाव्या चालीपर्यंत माझा हत्ती मोकळ्या पट्टीत आला होता, घोडा मध्यावर बसला होता, आणि तुमच्या राजाभोवती गर्दी करायला मी सुरुवात केली होती. तेव्हा तुम्ही काहीही न मारता, कुठेही शह न देता, किल्लेकोटातला राजा कोपऱ्यात एक घर सरकवलात. त्या घडीला मला वाटलं, माणूस गोंधळला. पुढे नऊ चालींनी मला कर्णावरून वजिराचा शह द्यायचा होता, आणि माझा सगळा हल्ला त्या शहावर उभा होता. तेव्हा कळलं की तो शह केव्हाच नाहीसा झाला होता.

अशी चाल चांगला माणूसही खेळतो, हे मला ठाऊक आहे. चांगल्या खेळावर संशय घेणं मला पटत नाही. पण ती चाल खेळायला तुम्ही सात सेकंद घेतलेत. पुढे मी तुमचा वजीर मारला, त्यावर उलट मारण्यावाचून तुमच्यापुढे दुसरी चालच नव्हती, तरी तिथेही सातच सेकंद. माणूस असा खेळत नाही. हात शिवशिवतात तिथे तो लगेच मारतो, अडतो तिथे घड्याळ संपत आलं तरी बसून राहतो. तुमच्या घड्याळात ना घाई होती ना अडखळणं. मी तक्रार केली. काही दिवसांनी निरोप आला की माझ्या एका प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला आहे आणि त्या डावात गेलेले गुण मला परत दिले आहेत.

गुण मिळाले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो निरोप येईपर्यंत काय झालं, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी हरलेला डाव वहीत उतरवतो. आधी यंत्राला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणकी इंजिनाला, न विचारता स्वतः शोधतो की कुठे चुकलं. मग त्याच चालीपाशी यंत्र लावतो आणि माझं उत्तर पडताळतो. हौशी माणसाला सुधारायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. दिवसाला वीस ब्लिट्झ डाव खेळून बोटं सुधारतात, खेळ सुधारत नाही. एक सावकाश डाव, त्याच्यावर खर्च केलेली संध्याकाळ, रोजची थोडी पझलं आणि राजा-प्याद्यांचे साधे शेवट पाठ, एवढं वर्षभर नेमाने केलं की फरक दिसतो. पण या सगळ्याला एक अट आहे. समोरचा माझ्याएवढाच असला पाहिजे, आणि तो खरा असला पाहिजे. माझ्या ताकदीचा माणूस मला हरवतो तेव्हा त्याने पाहिलेली गोष्ट मलाही दिसण्यासारखी असते. ती शोधली की पुढच्या वेळी दिसते. तुमच्याविरुद्धच्या डावात मी कित्येक रात्री ती गोष्ट शोधत बसलो, आणि ती माझ्या आवाक्यातलीच नव्हती. शेवटी मी समजलो की कारो-कान आपल्याला झेपत नाही, आणि तो सोडून दिला. एका खोट्या पराभवाने माझा खरा अभ्यास मोडला. ते गुणांसोबत परत आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं, क्लबात जाऊन शिका. मी मेढ्यात राहतो. जावळी तालुक्याचं हे गाव, खालून वेण्णा वाहते, वर केळघरचा घाट चढला की महाबळेश्वर. इथे बुद्धिबळाचा क्लब नाही, शिकवणारा नाही. स्पर्धा खेळायची तर एसटीने सातारला जायचं, आणि त्याहून मोठी हवी असेल तर कराड करत सांगली. दुकान बंद ठेवून, प्रवेश फी भरून ते वर्षातून कितीदा जमणार?

सांगलीचं नाव मुद्दाम घेतलं. बुद्धिबळात या भागातल्या माणसाला सांगली म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असावं अशी माझी इच्छा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ या गावातलं. भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, तिथल्याच. १९८५ ते १९९४ या काळात पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या, १९८७ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये आशियाई विजेतेपद. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटेही तिथल्याच. त्या पिढ्यांकडे संगणक नव्हता, डावांचा साठा खिशात नव्हता. होतं ते एक मंडळ, त्यातले पट, आणि पटापलीकडे बसलेला दुसरा माणूस. तो रोज हरवायचा, हरवून झाल्यावर सोंगट्या पुन्हा मांडायचा आणि कुठे चुकलास ते दाखवायचा. एका जिल्ह्याच्या गावातून अशा खेळाडू निघाल्या त्याचं मोठं कारण हा पलीकडे बसलेला माणूस आहे, असं मला मनापासून वाटतं.

आमच्यासारख्यांना तो माणूस मिळाला तो इंटरनेटवर. लिचेससारखं संकेतस्थळ जाहिरातींशिवाय, पूर्ण फुकट, लोकांच्या देणग्यांवर चालतं. रात्री साडेनऊला मेढ्यातल्या माणसाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी अर्ध्या मिनिटात सापडतो. कधी तो ब्राझीलचा असतो, कधी नागपूरचा. पन्नास वर्षांपूर्वी हे सांगलीतल्या माणसालाही मिळालं नसतं. तुम्ही त्या पलीकडच्या खुर्चीत येऊन बसलात आणि खुर्ची रिकामीच ठेवलीत.

रेटिंग कशासाठी असतं, हेही तुमच्या कानावर घालायला हवं. अर्पाद एलो नावाच्या, हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. साधं गणित आहे. दोघे सारखे असतील तर गुण निम्मे-निम्मे. दोनशेंचा फरक असेल तर वरच्याला साधारण चारातले तीन. चारशेंचा असेल तर अकरातले दहा. हा आकडा मिरवण्याचा बिल्ला म्हणून कोणी काढला नाही. उद्या आपल्या तोडीचा कोण, हे शोधून देण्यासाठी तो आहे. तुम्ही उसन्या चालींनी आकडा चढवलात की तो आकडा तुमच्याबद्दल काही सांगत नाही, आणि तुमच्याशी खेळलेल्या प्रत्येकाचा आकडाही थोडा खोटा होतो. तुम्ही तो घरी दाखवला असेल, मित्रांना पाठवला असेल. कोणाचा म्हणून दाखवलात?

तुमच्या फोनमधल्या त्या यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. फिडेच्या क्लासिकल रेटिंग-यादीत आजवर कुठलाही माणूस २८८२ च्या वर गेलेला नाही. कार्लसनने तो आकडा २०१४ मध्ये गाठला. स्टॉकफिश त्याच्याही शेकडो गुण वर खेळतं, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते बनवून सगळ्यांना फुकट दिलंय. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारॉव्हला हरवलं तेव्हा एका कंपनीचं कपाटाएवढं यंत्र लागलं होतं. आज मेढ्यातल्या माणसाच्या खिशात त्याहून मोठा गुरू आहे, आणि तो रात्री-अपरात्री न कंटाळता उत्तर देतो. डाव संपल्यावर त्याला विचारा, हवं तितकं विचारा. यंत्रासोबतच खेळायची हौस असेल तर तीही उघडपणे भागते. कास्पारॉव्ह आणि टोपालॉव्ह १९९८ मध्ये स्पेनच्या लिऑनमध्ये समोरासमोर बसून, दोघांच्या शेजारी संगणक ठेवून खेळले. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत इंजिनाला परवानगी आहे, आणि तिथली माणसं एकेका चालीवर दिवस घालवतात. तो मार्ग तुम्हाला मोकळा होता. पण तिथे समोरच्याकडेही यंत्र असतं, आणि तुम्हाला हवा होता तो समोरचा निःशस्त्र.

पकडले गेल्यावर तुमच्यासारखे काय म्हणतात तेही मी ऐकलंय. सगळेच करतात. नाही करत. मी ज्यांच्याशी खेळतो त्यातले बहुतेक जण माझ्यासारखेच घोडा फुकट घालवतात, घड्याळ संपवतात, जिंकलेला शेवट कुजित करून बसतात. त्यांच्यावर हा आळ घेऊ नका. दुसरं, एक-दोनच चाली पाहिल्या. डाव एक-दोन चालींवरच फिरतो, चाळीसच्या चाळीस चाली कोणालाच लागत नाहीत. तिसरं, पैशाचा प्रश्नच नव्हता, नुसती गंमत. इथे मात्र मला खरोखर राग येतो. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद कोविडच्या मदतनिधीसाठी नामवंतांशी ऑनलाइन प्रदर्शनी डाव खेळले. त्यात एका बड्या उद्योजकाने मदत घेऊन आनंदना हरवलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर कबुली दिली. त्याच्या वाट्याला काय आलं? ज्या डावात आनंदकडून हरण्याचं भाग्य होतं, तो डाव त्याने घालवला. पाच वेळच्या विश्वविजेत्याने तुमच्या चुकीची शिक्षा कशी केली, हे आयुष्यभर सांगता आलं असतं.

आणि ज्यांच्यासाठी प्रश्न पोटाचा होता, त्यांचंही पाहा. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीतल्या एका स्पर्धेत टोपीत ब्लूटूथ शिवून आलेला खेळाडू पकडला गेला आणि भारतीय महासंघाने त्याला दहा वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गला ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस स्वच्छतागृहात फोनसह सापडले. फिडेने त्यांचा किताब काढून घेतला आणि सहा वर्षं बंदी घातली. तुमचं फक्त खातं गेलं. नवं खातं उघडायला दोन मिनिटं लागतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आमच्या शेजारी आठवीतली एक मुलगी आहे. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. जावळीतल्या कितीतरी घरांतले पुरुष तिथेच असतात. ती आईच्या फोनवर खेळते, आई स्वयंपाकात असते तेवढा वेळ. चाल हेरण्यात ती माझ्यापेक्षा तल्लख आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पावसाळ्यात तिला तुमच्यातलाच कोणीतरी भेटला, आणि लागोपाठ भेटत राहिला, कारण ती हरली की पुन्हा त्यालाच आव्हान द्यायची. समोरचा लबाड असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने निष्कर्ष काढला तो स्वतःबद्दल. मला म्हणाली, ‘काका, माझं डोकं तेवढं नाहीये.’ आणि पाऊस ओसरेपर्यंत तिने खेळ बंद केला. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, तो डाव या मुलीने त्याच फोनवर पाहिला होता. तेरा वर्षांच्या पोरीला आपण कमी आहोत असं वाटायला लावणं, याला तुम्ही गंमत म्हणत असाल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

तिला मी आणि तिच्या आईने बसवून त्या डावांतले सेकंद मोजून दाखवले. कुठल्याही चालीला सात, आठ, सात. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, ‘म्हणजे मी चांगली खेळत होते?’ हो, चांगली खेळत होती. हल्ली ती पुन्हा खेळते. मीही कारो-कान पुन्हा काढलाय.

आता मागणं. नवं खातं उघडलं असेल तर त्यावरून मला डावाचं आव्हान पाठवा. पंधरा अधिक दहा, तोच वेळ. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमचं खरं रेटिंग आठशे असेल तर आठशेच्या माणसासारखे खेळा, मी डाव संपल्यावर सोंगट्या पुन्हा मांडून जे मला दिसलं ते तुम्हाला दाखवीन, तुम्ही तुमचं दाखवा. दोघांनाही त्याचा उपयोग होईल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, वीज जाते, रेंज जाते. २०२०च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचंसुद्धा कनेक्शन तुटलं होतं. शेवटी फिडेने भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिलं. आपल्या डावात तसं काही मागायचं नाही. माझी रेंज गेली आणि घड्याळ संपलं तर डाव तुमचा, मग मी कितीही जिंकत असलो तरी. नियम तसा आहे.

साडेनऊनंतर मी दुकान बंद करून बसलेला असतो.

आपला,
एक हौशी खेळाडू
मेढा, ता. जावळी, जि. सातारा