छातीवर चमचा, दारात बूम

२०२१ च्या जूनमध्ये नाशिकचं नाव देशभर गाजलं. द्राक्षांमुळे नाही, कांद्यामुळे नाही, कुंभमेळा तर अजून लांबच होता. सिडकोतल्या एका आजोबांनी कोविशिल्डचा दुसरा डोस घेतला आणि त्यांच्या अंगाला चमचे चिकटू लागले.

झालं! वाहिन्यांची दारात रीघ. आजोबा उघडे, दंडावर नाणी, छातीवर चमचे, पुढ्यात बूमचं जंगल. स्टुडिओत एकच सवाल : लशीत चुंबक आहे का? शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की बातमीची जबाबदारी संपते. आपल्या पत्रकारितेत इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

आता लस ती केवढी, अर्धा मिलिलिटर. त्यात साखर, मीठ आणि असलीच काही बिनलोखंडी रसायनं. एवढ्याशा थेंबात ताटं-वाट्या पेलणारं चुंबक मावत असतं, तर ती बनवणाऱ्या सीरमनं लशी कशाला विकल्या असत्या? क्रेन विकल्या असत्या.

शहानिशेला प्रयोगशाळाही नको होती. नाशिक म्हणजे तांबटांचं गाव. पंचवटीत कुठल्याही देवघरात हात घाला, तांब्याची पळी सापडेल. तांब्याला चुंबक लागत नाही. ती पळीही छातीला चिकटली, तर मामला चुंबकाचा नाही, जूनच्या घामाचा आणि कातडीच्या तेलकटपणाचा, हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. मग छातीवर थोडी टाल्कम पावडर फासायची, की सगळी भांडीकुंडी खणखणत खाली. वेळ दोन मिनिटं, खर्च चिमूटभर पावडरीचा. पण दोन मिनिटांत निकाली निघणारी बातमी कुणाला परवडते?

सरकार गप्प बसलं नाही, हेही सांगायला हवं. लशीनं कुणी चुंबक होत नाही, असा खुलासा त्याच्या पत्र सूचना कार्यालयानं, म्हणजे पीआयबीनं, केला. तो आला ट्विटरवर. चमचा फिरत होता व्हॉट्सॲपवर. दोघांची गाठ पडायची कशी? तिकडे जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आशाताई दारोदार लशीसाठी विनवत होत्या. मोबाइलला रेंज असेल तिथे चमचा त्यांच्या आधी पोचायचा. त्याच महिन्याच्या १५ तारखेला राज्यभरातल्या आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या. पण त्यांच्या अंगाला काहीच चिकटत नव्हतं, मानधनसुद्धा नाही. मग त्यांच्या दारात गाड्या कशाला लागतील?

चमच्यांच्या सात आठवडे आधी, २१ एप्रिलला, याच नाशिकमध्ये महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून एका दिवसात २२ रुग्ण गेले होते. टाकीची देखभाल कोण करतं, दाब कोण तपासतं, हे विचारायला जूनमध्येही भरपूर वेळ होता. तो चमचे मोजण्यात गेला.

यावर उपाय आहे, आणि तो अस्सल नाशिकचाच. मार्चअखेरीस आपल्या पोलीस-पालिकेनं गर्दी हटवायला बाजारात शिरण्यासाठी माणशी पाच रुपयांची पावती लावली होती. एक तास फिरा. जास्त रेंगाळलात तर ५०० रुपये दंड. विषाणू मनगटावरचं घड्याळ बघून चावतो, हे ज्ञान आम्हाला तेव्हाच झालं. लोक हसले. पण पावतीपुस्तकं उरली असतील तर वाया कशाला घालवायची? न्यूजरूमच्या दारात माणूस बसवा. एका चमच्याला एक तास, पाच रुपये. वर रेंगाळलात तर पाचशे.

तांब्याची पळी सोबत आणल्यास पावती माफ.