घरच्या शाळेची भनपुरी नियमावली

रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी येते. रोलिंग मिल, गोदामे, ट्रकांच्या रांगा आणि उरला-सिलतराकडच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांतून उडत येणारी काळी धूळ. अशा वस्तीत राहून तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्रांच्या पुस्तकांवर, घरच्या घरी आणि वर मराठीतून शिकवायचा संकल्प ज्यांनी केला आहे, त्यांच्यासाठी ही नियमावली. कायद्याची धास्ती बाळगू नये. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा. त्याआधी मूल आईबापांच्या अखत्यारीत असते. निदान कागदोपत्री.

आधी मुख्याध्यापक ठरवावा. आईला आणि बाबांना दोघांनाही व्हायचे असते, म्हणून ते पद आजीला देऊन वाद मिटवावा. मग वेळापत्रक: नऊ ते साडेनऊ चित्रवाचन, साडेनऊ ते दहा आकलन, दहा ते सव्वादहा मूल्यशिक्षण. घंटा देवघरातली चालेल. वेळापत्रक मुलाचा हात पोचणार नाही इतके उंच लावावे. पोचला, तर मूल्यशिक्षणाच्या जागी तेलखडूचा ट्रक उभा राहतो.

पुस्तके मिळवणे हे खरे काम. रायपुरात मराठी माणूस नवा नाही. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ 1935 पासून आहे. पण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मराठी चित्रपुस्तक मागितले, तर तो हिंदी बाराखडीचा तक्ता काढून देतो आणि 'एक ही बात है' म्हणतो. तेव्हा पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्याला आधीच गाठावे. त्याच्या पिशवीत बाकरवडी आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तके यांच्यात जागेवरून तंटा होतो आणि बाकरवडी जिंकते, म्हणून नावे लिहून द्यावीत: माधुरी पुरंदरे यांची 'चित्रवाचन' आणि 'बाबांच्या मिशा'. पुरंदरे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. लेखिका आणि चित्रकार एकाच घरात राहत असल्यामुळे त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्रे एकमेकांच्या पायात येत नाहीत. पाहुणा मिळालाच नाही, तर प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून फुकट आहे. तिथे एकाच चित्राखाली मराठीही मिळते आणि हिंदीही, त्यामुळे शेजारचा मित्रही वर्गात बसवता येतो. तो येताना कुकुर, बिलई आणि बेंदरा हे छत्तीसगढी प्राणी घेऊन येईल. त्यांना दाराबाहेर चपलांपाशी ठेवायला सांगू नये.

पुस्तकाची पाने पांढरी असतात, भनपुरीची हवा नसते. खिडकीत रात्रभर राहिलेल्या पुस्तकावर सकाळी मुलाच्या पाच बोटांचा ठसा स्वच्छ उमटतो. त्याला हस्तकलेचे गुण द्यावेत.

आता प्रत्यक्ष वाचन. पालकाने पाठ ताठ ठेवावी, तर्जनी अक्षरांखाली धरावी आणि खणखणीत आवाजात वाचत ती सरकवावी. मूल त्या बोटाकडे पाहत नाही. 2005 साली कॅनडातल्या एव्हान्स आणि सेंत-ओबँ या संशोधकांनी पुस्तक ऐकणाऱ्या लहान मुलांच्या नजरेचा यंत्राने माग काढला, तेव्हा ती बहुतेक सगळा वेळ चित्रावर होती, अक्षरांवर जेमतेम. म्हणजे पालक एक पुस्तक वाचत असतो आणि मांडीवर भलतेच वाचले जात असते. बोट तरीही सरकवत राहावे. मोठ्या माणसालाही काही काम हवे.

समजा, चित्रात बाजार आहे. मधोमध भाजीवाली, शेजारी छत्री हरवलेली मुलगी, गोष्ट तिचीच. भनपुरीचे मूल तिला ओलांडून थेट कोपऱ्यातल्या ट्रकपाशी जाते, ज्याच्यासाठी लेखकाने एक शब्दही खर्च केलेला नाही. ते चाके मोजते. इथला पाढा दस चक्का, बारह चक्का, चौदह चक्का असा चालतो. शिवाय रिकाम्या गाडीचे एक चाक वर उचललेले असते, हे त्याने रोज रस्त्यावर पाहिलेले असते. चित्रातली सगळी चाके जमिनीला टेकलेली. 'भरेल गाडी आहे,' असा निकाल लागतो. मग चौकशी: आत सळया की सिमेंट? ड्रायव्हर जेवायला गेला का? या क्षणी पालकाला 'अरे, छत्री कुठे गेली ते बघ ना' असे म्हणण्याची जबर उबळ येईल. ती गिळावी. दिसते त्यावरून न दिसणारे ठरवणे, यालाच भिंतीवरच्या कागदात 'आकलन' म्हटले आहे. ते नऊ वाजून पाच मिनिटांनीच सुरू झाले, एवढाच काय तो नियमभंग.

वार आणि अंक शिकवायला जगभर एरिक कार्लचे 1969 चे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक वापरतात. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असे करत शुक्रवारी पाच संत्री. पानांना खरीखुरी भोके आहेत. ती पाडण्याचा खर्च अमेरिकेत झेपेना म्हणून पुस्तक जपानात छापावे लागले होते. भनपुरीत मंगळवारीच पेअरवर गाडी अडते. तेव्हा सुरवंटाच्या ताटात तेंदू, चार आणि कांकेरचे सीताफळ वाढावे. संत्र्यांना हात लावू नये, नागपूर जवळ आहे.

तेवढ्यात मुख्याध्यापिका 'आमच्या वेळी हे असलं नव्हतं' म्हणतील. त्यांना सांगावे की होते. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने 1658 मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या 'ऑर्बिस पिक्टस' या चित्रपुस्तकात मुळाक्षरे प्राण्यापक्ष्यांच्या आवाजांवर बसवली आहेत आणि पहिला मान कावळ्याचा आहे. चिऊ-काऊचा घास भरवताना आजीने हाच अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालवला. आणि फ्लॅशकार्डांचा महागडा संच मागवायचा विचार असेल, तर आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे हिशेब आठवावेत. त्यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. भनपुरीत फुकट मिळणाऱ्या वस्तूंत नटबोल्ट बरेच असतात. ते तोंडात जाण्याआधी मोजून घ्यावेत.

यथावकाश मूल सहा वर्षांचे होते आणि त्याला खऱ्या शाळेत न्यावे लागते. प्रवेशासाठी मुलांना चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने बंदी आहे, म्हणून तिला 'इंटरॅक्शन' म्हणतात. टेबलापलीकडच्या मॅडम सफरचंदाचे चित्र दाखवून 'व्हॉट इज धिस?' असे विचारतील. मूल बराच वेळ चित्र पाहील आणि देठाजवळच्या कुरतडलेल्या पानावर बोट ठेवून 'हे कोणी खाल्लं?' असे उलट विचारेल. मॅडम पालकाकडे बघतील. पालकाने त्या वेळी प्रॉस्पेक्टस उघडून फीचा तक्ता वाचायला घ्यावा. त्यात चित्रे नसतात.