दरसूचीतले काकाजी

आमच्या गल्लीत कुणाला खर्ऱ्याचं व्यसन आहे, कुणाला क्रिकेटचं. काकाजींना पाकपुस्तकांचं. त्यातही मुखपृष्ठावर 'स्वस्त', 'काटकसर' किंवा 'कमी खर्चात' यातला एक तरी शब्द हवा, नाहीतर ते पुस्तक हातात धरत नाहीत. असे काकाजी गावोगावी एकेक असतातच. भंडाऱ्याच्या वाट्याला आलेले आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात.

त्यांची उभी नोकरी सरकारी बांधकामाच्या लेखा शाखेत गेली. मुरमाचा ट्रक, हजार विटा, गवंड्याची रोजी, कशाचा दर जिल्हा दरसूचीत कुठल्या पानावर आहे हे ते झोपेतही सांगतील. निवृत्तीनंतर गिट्टी-मुरूम सुटला आणि तपासायला तेवढं स्वयंपाकघर उरलं.

आजवर 9 पुस्तकं झाली. 150 रुपयांच्या पुस्तकावर नागपुरात 20 टक्के सूट मिळते, म्हणून काकाजी तिकडे जातात. एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट, हीसुद्धा त्यांच्या लेखी बचतच. सुटीत वाचलेल्या 30 रुपयांत अर्धं तिकीटही मावत नाही, पण ते त्यांना कुणी सांगायचं? "तो प्रवासखर्च, वेगळ्या लेखाशीर्षाखाली जातो," असं उत्तर मिळतं.

पाकपुस्तकांच्या थोरवीवर ते अंगणात खुर्ची टाकून बोलतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910 सालचं, त्यात एक हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची, वाटी-चमच्याच्या मापानं नवख्या सुनांना तारणारी. हे सगळं खरंच आहे. सासरी किंवा परगावी गेलेल्या, आई जवळ नसलेल्या मुलीला असं पुस्तक आईसारखं होतं. मात्र काकाजी परगावी गेलेले नाहीत. ते 40 वर्षं काकूंच्या हातचं जेवत आहेत आणि त्याच काकूंना पुस्तकातून काटकसर शिकवायला निघाले आहेत.

काकू तुमसरला लग्नाला गेल्या, तेव्हा काकाजींना मोकळं रान मिळालं. धानाचा जिल्हा, घरात चिन्नोर तांदळाचं पोतं, आणि काकाजींनी भात लावला तो पुस्तक उघडून. 'तांदूळ 1 वाटी, पाणी 2 वाट्या.' तांदूळ त्यांनी आजीच्या काळातल्या पितळी वाटीनं घेतला. भंडाऱ्याची पितळी वाटी ती, उचलताना मनगट वाकतं. पाणी मात्र घेतलं मुंजीत अहेर आलेल्या स्टीलच्या वाटीनं, जिच्यात चार काजू ठेवले तर पाचवा बाहेर बसतो. कुकर उघडल्यावर जे निघालं त्याचा दर दरसूचीत गिट्टीच्या पानावर शोधावा लागला असता. ते आम्हाला वाटीभर देऊ लागले. मी विचारलं, "कोणत्या वाटीनं, काकाजी?"

दुसऱ्या दिवशी त्या भाताचं काय करायचं, हेही पुस्तकात होतंच: 'उरलेल्या भाताचे खमंग कटलेट'. त्याला बटाटे हवे, ब्रेडचा चुरा हवा, मैदा, आलं आणि तळायला तेल. 10 रुपयांचा भात वाचवायला काकाजींनी 90 रुपयांचं सामान आणलं. काकू घरी असत्या तर कांदा-मिरचीची फोडणी देऊन मोकळ्या झाल्या असत्या.

खरी कसोटी लागली ती काकू परतल्यावर, अळूच्या दिवशी. 'अळूवडी: गरिबांची मेजवानी' असा मथळा होता. पहिली ओळ, 'अळूच्या पानांची 1 जुडी'. काकाजी पिशवी घेऊन बाजारात. पहिल्या भाजीवालीनं मान हलवली, दुसरीनं पालक पुढे केला. तिसरी म्हातारी म्हणाली, "अळू का असते जी?" काकाजींनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. म्हातारी खुदकन हसली. "कोचई होय ना थे!" आणि टोपलीखालून जुडी काढून 20 रुपये घेतले. हसण्याचे वेगळे लावले नाहीत, हा तिचा मोठेपणा.

घरी आल्यावर काकूंनी जुडी उलटसुलट करून पाहिली. काही बोलल्या नाहीत. काकाजींना हात धरून मागल्या दारी नेलं. न्हाणीच्या सांडपाण्यावर कोचई कमरेइतकी वाढली होती. एकेक पान सुपाएवढं, वर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे पळत होते.

"ही कोण लावली जी?"

"तू."

"अन् पैसे कोण देऊन आले?"

काकाजींनी हिशेबाची वही मिटली.

माझं म्हणणं एवढंच, की या पुस्तकांत दोष नाही. ती दुसऱ्या जिल्ह्याच्या दरानं लिहिलेली असतात. त्यांच्यातला ओला नारळ कोकणात परसात पडतो, आमच्याकडे दुकानातून येतो. आमचे तलावातले झिंगे तिथं कोळंबी होतात आणि समुद्राचा भाव लावून बसतात. आमची लाखोरी तर त्यांच्या अनुक्रमणिकेतही नाही. धान उभा असतानाच ओल्या बांधीत बी फेकायचं, नांगर नाही की पाणी नाही. कोवळी पानं खुडून भाजी करायची, उरली ती वाळवून उन्हाळ्याला ठेवायची. याहून स्वस्त पाककृती कोण छापणार? छापली तरी पुण्यातल्या बाईनं बांधी कुठून आणायची?

हे काकाजींना पटलं, पण माझ्याकडून नाही. त्यांची मुलगी पुण्याला असते. तिनं फोनवर म्हटलं, "आईचं सगळं लिहून पाठवा ना बाबा." काकाजींना नोकरीत पुन्हा घेतल्यासारखं झालं. नवव्या पुस्तकाच्या शेवटी 'टिपणे' म्हणून कोरी पानं होती. तिथं काकू दुधाचा हिशेब लिहायच्या. सबंध पुस्तकातली वापरात आलेली पानं तेवढीच. काकाजींनी दूधवाल्याच्या खाली रेघ मारली आणि रकाने आखले: जिन्नस, परिमाण, दर, रक्कम. पहिली नोंद कोचईच्या वड्या. पानं 12, दर शून्य. सांबार मूठभर, कुंडीतला, शून्य. चुनाचं पीठ, तिखट, तेल, एकूण 22 रुपये. पानाचा फोटो काढून पाठवला.

पाच मिनिटांत फोन. "बाबा, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी इथल्या मैत्रिणीला समजावलं. पण पानं शून्य कशी? इथं जुडीच 40 ला आहे. माझ्या वड्या तुमच्या पुस्तकातल्यापेक्षा महाग पडताहेत!"

काकाजींनी चष्मा कपाळावर नेला. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत होते. मग पेन उघडून पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं, 'सदर दर फक्त भंडारा जिल्ह्यासाठी. इतरत्र लागू नाहीत.'

काकू वड्या तळत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "थेच त्या बाकीच्या पुस्तकायवर लिवून टाका ना जी."

काकाजी उठले. कपाटातून आठही पुस्तकं काढली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर लाल शाईनं शेरा मारला, 'पुणे-मुंबई दराप्रमाणे. भंडारा जिल्ह्यात वापरण्यापूर्वी मागचे दार तपासावे.' खाली सही केली, तारीख घातली. गोल शिक्का नव्हता, याचं मात्र त्यांना फार वाईट वाटलं.