नसलेल्या कर्नलचं वय

खऱ्या कॉम्प्युटरचा वैताग पुरेना म्हणून माणसाने त्याच्या पोटात आणखी एक खोटा कॉम्प्युटर बसवला. या खोट्याला सिम्युलेटर म्हणतात. बाजारात न आलेला, कुणाच्या तरी डोक्यातच असलेला प्रोसेसर घडवण्याआधी त्याची नक्कल चालवून बघायची. कॅश दुप्पट केली तर काय होईल, मेमरीला उशीर झाला तर काय अडेल, याचा अंदाज चिपवर पैसे ओतण्याआधीच येतो. यासाठी आमच्या धंद्यात जेम-फाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. मिशिगन विद्यापीठातला एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स यांची सोयरीक जमून हे अपत्य झालं, २०११ साली त्याचा शोधनिबंध आला, आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांच्या झोपेची तेव्हापासून शाश्वती उरली नाही.

माझे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. मी रात्री लॅपटॉपसमोर बसलो की ते चष्मा पुसत मागे येऊन उभे राहतात.

“नक्की करतोस काय तू?”

“आत एक कॉम्प्युटर आहे, बाबा. तो सुरू होतोय.”

“आणि बाहेरचा?”

“तो सुरूच आहे.”

“मग तोच वापर की!”

या प्रश्नाला उत्तर नाही. आतल्या कॉम्प्युटरचा एकेक टिचका बारकाईने मोजायचा म्हटलं, तर तिथला एक सेकंद संपायला बाहेर काही तास जातात. आपण जेवून येतो, भांडी घासून होतात, शेजारच्यांची मालिका संपते, आणि आत लिनक्स अजून डोळे चोळतच असतं.

तर अशा त्या यंत्रात मी एक प्रोग्राम नेला. प्रोग्राम कसला, हॅलो वर्ल्ड. एका ओळीचा नमस्कार. तो लॅपटॉपवर कंपाइल केला, आतल्या कॉम्प्युटरच्या डिस्क इमेजमध्ये टाकला, आतलं लिनक्स उठेपर्यंत कळ काढली आणि मग कमांड दिली. उत्तर आलं: लिबसी डॉट एसओ डॉट सिक्स, व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड.

जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची मुख्य लायब्ररी. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम उठताबसता तिचा आधार घेतो. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, म्हणजे जीलिबसी २.३५. आतल्या इमेजमध्ये उबुंटू १८.०४, म्हणजे २.२७. बरं, प्रोग्राम मागतोय काय, तर २.३४, जी ना माझ्याकडे, ना त्याच्याकडे.

याचं कारण मात्र रंजक आहे. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनला, ते ज्या आवृत्तीत आलं किंवा बदललं तिचा शिक्का असतो. ऑगस्ट २०२१मध्ये २.३४ आली तेव्हा थ्रेड्सची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि त्याच आवृत्तीत प्रोग्रामच्या मेन फंक्शनला हाक मारणाऱ्या फंक्शनवर नवा शिक्का बसला. मेन तर सगळ्यांनाच असतं. त्यामुळे त्यानंतरच्या लायब्ररीवर कंपाइल केलेला साधा नमस्कारही २.३४ असल्याशिवाय तोंडातून निघत नाही.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांना जितकं समजलं तितकं आमच्या एम.टेक.च्या वर्गालाही कधी समजलं नव्हतं.

“म्हणजे अर्जाचा नमुना बदलला,” ते म्हणाले. “जुना नमुना नव्या कचेरीत चालतो. नियम असतो तसा, फाइलला लावून ठेवतात. पण नवा नमुना घेऊन तू आडगावच्या जुन्या कारकुनाकडे गेलास, तर तो म्हणणार, असा नमुना आमच्याकडे नाही. त्याचं काय चुकलं?”

काहीच चुकलं नाही. उलट, जुना नमुना सांभाळण्यात जीलिबसीचा हात धरणारं कुणी नाही. २०१०मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर ब्राउझरमधल्या फ्लॅशचा आवाज अचानक खरखरायला लागला. लायब्ररीने मेमकॉपी हे फंक्शन वेगवान करण्यासाठी काही प्रोसेसरांवर शेवटाकडून कॉपी सुरू केली होती. जिथून उचलायचं आणि जिथे ठेवायचं त्या जागा एकमेकींवर येता कामा नयेत, हा मेमकॉपीचा नियम पहिल्यापासूनचा. फ्लॅश तो मोडत होतं आणि इतके दिवस नशिबाने खपून जात होतं. चूक फ्लॅशचीच, यात वाद नव्हता; तरी वाद झाला आणि खुद्द लिनस टॉरवाल्ड्स त्यात उतरले. त्यांचं म्हणणं असं की वापरणाऱ्याला नियमाशी काय घेणं, त्याचा आवाज बिघडला. शेवटी २.१४मध्ये मेमकॉपीवर नवा शिक्का मारला आणि जुन्या शिक्क्याच्या पाटीमागे असली चूक पोटात घालणारं मेममूव्ह बसवलं. तेव्हापासून जुने गुन्हेगार सुखात आहेत. मला हा निर्णय फार आवडतो.

पण आपली अडचण उलटी होती. आमच्या लॅबमधल्या एका उत्साही पोराने उपाय सुचवला: “सर, नवी लिबसीच आत कॉपी करू या ना!” आणि माझी वाट न बघता त्याने आपल्या इमेजवर तो करूनही टाकला. इमेज माउंट करताना पार्टिशन कुठे सुरू होतं ते सांगावं लागतं. २०४८ गुणिले ५१२, दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर बाइट. हा आकडा पोराला तोंडपाठ होता, त्यामुळे आत शिरायला अडचण आली नाही. त्याने एकटी लिबसी बदलली. लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर मात्र जुनाच राहिला, आणि ही जोडी एकाच आवृत्तीची असावी लागते. शिवाय आतल्या यंत्रात सगळ्यात आधी उठणारा इनिट हाही प्रोग्रामच, त्यालाही तीच लिबसी लागते. तो उठतानाच कोसळला. पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच हात टेकले: ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’. पोरगा घाबरून म्हणाला, “सर, मी कुणाला मारलं नाही.”

मग उरतो स्टॅटिक लिंकिंगचा मार्ग. लागेल तेवढी लायब्ररी प्रोग्रामच्या अंगातच शिवून टाकायची, म्हणजे आत कुणापुढे हात पसरायला नको. सोळा किलोबाइटचा नमस्कार आठ-नऊशे किलोबाइटचा होतो, पण चालतो. अर्थात नेटवर्कवरचं नाव शोधणारं गेटअॅड्रइन्फो वापरलंत, तर कंपाइल होतानाच सूचना येते की स्टॅटिक असलात तरी चालताना ह्याच आवृत्तीच्या लायब्रऱ्या हजर ठेवा. याला काय स्टॅटिक म्हणायचं?

खरी मजा पुढे आहे. जेम-फाइव्हमध्ये एक झटपट पद्धतही आहे: पूर्ण लिनक्स उठवायचंच नाही. प्रोग्रामने कर्नलकडे काही मागितलं की सिम्युलेटर स्वतःच कर्नलचा आवाज काढून उत्तर देतो. माझा स्टॅटिक नमस्कार मी तिथे जुन्या जेम-फाइव्हवर चालवला. पहिल्याच क्षणी: ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’.

बाबा मागे होतेच. “काय म्हणतंय?”

“कर्नल फार जुना आहे म्हणतंय.”

“मग नवा घाल.”

“कर्नल नाहीच आहे, बाबा.”

बाबांनी चष्मा काढला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मयताच्या नावे आलेले अर्ज पाहिले होते, पण जन्मालाच न आलेल्या माणसाला वयोमर्यादेवरून नाकारल्याचं उदाहरण त्यांच्यापाशी नव्हतं. गोष्ट अशी की माझ्या लॅपटॉपवरच्या आवृत्तीपर्यंत जीलिबसी सुरू होताना कर्नलला त्याची आवृत्ती विचारायची, आणि २.२६पासून ३.२च्या खालचा कर्नल तिला चालत नसे. तो जुना सिम्युलेटर बिचारा कुणीतरी कधीकाळी कोडमध्ये लिहून ठेवलेलं ३.०सारखं काहीतरी सांगायचा. उपाय एवढाच की ती अक्षरं बदलून मोठा आकडा लिहायचा. मी लिहिला, सिम्युलेटर पुन्हा बांधला आणि नमस्कार छापला गेला.

“म्हणजे खोटा दाखला दिलास,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुकच होतं.

पूर्ण लिनक्सवाल्या इमेजचा तोडगाही त्यांचाच. “अर्ज इथे घरी भरतोस कशाला? त्या कचेरीत जा, त्यांच्याकडचा नमुना घे, तिथेच बसून भर.” मी त्यांना सांगितलं नाही की याला कंटेनर म्हणतात आणि लोक त्यावर परिषदा भरवतात. लॅपटॉपवर डॉकरमध्ये उबुंटू १८.०४ उघडलं, त्यात प्रोग्राम कंपाइल केला आणि इमेजमध्ये नेला. आतल्या कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारला.

तेव्हा तुम्हीही या भानगडीत पडणार असाल, तर प्रोग्राम आत नेण्याआधी दोन्हीकडे एलडीडीची व्हर्जनवाली कमांड मारून आकडे बघून घ्या. बाहेरचा मोठा निघाला तर आतल्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये कंपाइल करा. आणि लिबसीची फाइल हाताने बदलायचा सल्ला कुणी दिला, तर आधी त्याच्या इमेजवर करून बघायला सांगा.