एका राजधानीतून दुसरीत

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दिल्ली बघायला निघालेली जोडपी दोन प्रकारची. एक प्रकार टूरवाल्याच्या झेंड्यामागे धावत दीड दिवसात दिल्ली उरकतो आणि आग्र्याला लागतो. दुसऱ्या प्रकारात साताऱ्याचे नाना आणि माई मोडतात. नानांची सगळी नोकरी कोषागारात गेली. इतके मार्चअखेर सोसलेल्या माणसाला निवांतपणाची जी भूक लागते, ती नानांनी दिल्लीत भागवायची ठरवली.

त्यातून नाना पडले सातारकर. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्यात झाला. तेव्हापासून सातारा ही राजधानी, आणि मध्यंतरी काही बदल झालेच असतील तर त्यांचा आदेश नानांच्या टेबलावर आलेला नाही. साहजिकच गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरताना नानांचा चेहरा शेजारच्या कार्यालयात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा होता. मागून माई, हातात कंदी पेढ्यांचे खोके.

पहिल्याच दिवशी लाल किल्ल्याच्या दाराशी कळलं की आज सोमवार, किल्ला बंद. झेंडेवाले अशा वेळी टूरवाल्याशी भांडतात. नाना म्हणाले, "साप्ताहिक सुट्टी आहे, त्यांनाही पाहिजेच." आणि समोर चांदणी चौकात शिरून दोघांनी पराठा खाल्ला. तो तुपात तळलेला बघून माई म्हणाल्या, "अहो, ही तर पुरीच की! निम्मा निम्मा घेऊ." मग प्रत्येकी दोन झाले.

जंतरमंतरवर लोक पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. नाना-माई सम्राट यंत्रासमोर कट्ट्यावर बसले, सावली सरकते की नाही बघायला. सवाई जयसिंगाने बांधलंय कळल्यावर माईंनी विचारलं, "पुरंदरच्या तहाचे तेच का हो?" "ते मिर्झाराजे. हे त्यांचे वंशज," नाना म्हणाले. "ते किल्ले मोजून घ्यायचे, हे तारे मोजायचे." सावली खरंच सरकली. तोवर दोन संत्री सोलून झाली होती आणि रखवालदाराच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलंय, हे माईंना समजलं होतं.

कुतुबमिनाराच्या ३७९ पायऱ्या. पण १९८१च्या दुर्घटनेपासून आत चढू देत नाहीत. हे कळताच माईंच्या गुडघ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नानांना भलताच हुरूप आला. "बंदी नसती, तर वरपर्यंत गेलो असतो," असं त्यांनी मिनाराभोवती फिरताना तीनदा सांगितलं.

मात्र नानांची खरी कसोटी लागली ती लाल किल्ल्यात. दिल्लीत पाय ठेवल्यापासून ते मराठ्यांच्या खुणा शोधत होते. महादजी शिंद्यांनी शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवल्याची हकीकत त्यांनी रिक्षावाल्यालाही ऐकवली होती. त्याने मान डोलावून मीटरपेक्षा वीस रुपये जास्त घेतले. दिवाण-ए-खासमध्ये एक गाइड हात वर करून सांगत होता, "ऊपर देखिए, यहाँ चाँदी की छत थी. मराठे निकाल ले गए."

सगळ्या घोळक्याने वर पाहिलं. नानांनी खाली पाहिलं.

मग कोषागार जागं झालं. माईंना बाजूला घेऊन नानांनी खुलासा सुरू केला. "हे बघ, साल १७६०. सदाशिवरावभाऊंची एवढी फौज, पुण्याहून पैसा येईना, पगार थकलेले. थकबाकी म्हणजे काय असतं, ते मला विचार. भाऊंनी छत उतरवलं, वितळवलं, नाणी पाडली, पगार भागवला. तातडीची बाब होती."

"बरं, घेतलं ते घेतलं," माई म्हणाल्या, "पावती दिली होती का?"

नाना गप्प झाले. सबंध नोकरीत असा बिनतोड आक्षेप त्यांच्यावर कुणी काढला नव्हता.

त्या रुपेरी थकबाकीचा निकाल लागला तो मेट्रोत. पहिला डबा बायकांचा, म्हणून माई तिकडे गेल्या. नाना दुसऱ्या डब्यात दांड्याला लोंबकळत, पुढची स्टेशनं बोटांवर मोजत उभे. माईंचं हिंदी साताऱ्याच्या मंडईतलं. "जरा सरको ना बाई," म्हणून त्यांनी बूड टेकायला जागा मिळवली, पेढ्यांचा खोका उघडला आणि राजीव चौक येईपर्यंत अख्ख्या बाकड्याशी सोयरीक जमवली. डिसेंबरचे दिवस, बाजारात लालबुंद गाजरं आलेली. कुणी हलवा सांगितला, कुणी लोणचं. उतरताना माईंकडे तीन फोन नंबर होते. नानांकडे फक्त फलाटावर उभं राहून केलेली काळजी होती.

"कुठे राहिली होतीस?"

"अहो, त्या तिघींना मे महिन्यात आपल्याकडे यायचं निमंत्रण दिलं. अजिंक्यतारा दाखवू, कासला नेऊ. आपल्या माणसांनी त्यांचं छत नेलंय, निदान चार दिवस आपल्या छताखाली राहू देत."

नानांना मुद्दा शंभर टक्के पटला. तरीही महाराष्ट्र सदनातल्या खोलीवर परतल्यावर त्यांनी वही उघडली आणि बराच वेळ पेन दातांत धरून बसले. तीन पाहुण्या, चार दिवस, चहा-जेवण, कासची गाडी. खर्च मंजूर होता. प्रश्न एवढाच की तो 'पाहुणचार'मध्ये दाखवायचा, की 'मागील देणी, सन १७६०' असं नवीन लेखाशीर्ष उघडायचं?