हा खेळ नव्हे!

आमच्या सोसायटीच्या हिशेबवहीत 'क्रीडा' आणि 'इतर' अशी दोन कलमं शेजारी-शेजारी आहेत. खजिनदार मी, पण कुठली पावती कुठल्या कलमात टाकायची ते आप्पा ठरवतात. आप्पा कमिटीवर नाहीत. पूर्वीही नव्हते. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, ते सांगतात.

वय 76. उजव्या गुडघ्यावर बारमाही नी-कॅप. किल्ल्यांच्या जुडग्यात एक पितळी शिट्टी. सकाळी साडेसहाला वॉचमनच्या केबिनशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते पेपर शेवटच्या पानापासून वाचायला घेतात. पहिल्या पानापर्यंत पोचायच्या आत दूधवाला येतो, त्यामुळे देशात काय चाललंय याचा त्यांना फारसा पत्ता नसतो. क्रीडापान मात्र बॉलपेन घेऊन वाचायचं. प्रत्येक बातमीवर एक तर बरोबरची खूण, नाही तर फुली. फुली मारली की शेजारी कोण बसलंय ते न बघता निकाल जाहीर होतो, "हा खेळ नव्हे."

आप्पा मूळचे नायगावच्या चाळीतले. गिरणीची पाळी सुटली की मैदानात पाणी मारायचं, फक्कीनं रेषा आखायच्या आणि अंधार पडेपर्यंत कबड्डी. आप्पा डावा कोपरा सांभाळायचे. गुडघा तिथेच गेला, एका पकडीत. चढाईवाला निसटला की बाद झाला हे मी 12 वर्षांत 3 वेगवेगळ्या प्रकारे ऐकलंय, गुडघा मात्र प्रत्येक वेळी तोच. प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सगळ्यांत आधी टीव्हीसमोर बसले तेही आप्पा आणि सगळ्यांत आधी नाक मुरडलं तेही आप्पांनीच. "गादीवर काय पडायचं? गादीवर माणूस झोपतो."

खेळ म्हणजे काय, याची आप्पांची पहिली कसोटी घामाची. घाम आला तर खेळ. या न्यायानं त्यांनी बुद्धिबळ कधीच निकालात काढलं होतं. विश्वनाथन आनंदला देशातला पहिला खेलरत्न पुरस्कार मिळाला, 1991-92 चा, हे मी सांगून पाहिलं. म्हणाले, "सरकारचं काय घेऊन बसलायस? सरकार मलाही ज्येष्ठ नागरिक म्हणतं." डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला गुकेश 18 व्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा त्याचा फोटो कापून नोटीस बोर्डावर आप्पांनीच लावला आणि खाली उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "पोरगं हिरा आहे. पण हा खेळ नव्हे." पुढच्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली. आता मात्र आप्पांची पंचाईत झाली. फुली मारायला पेन उचललं, थांबले, चहा मागवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खेळाडू आहे. खेळ नव्हे, पण पोरगी खेळाडू आहे." यावर कोण काय बोलणार?

घामाची कसोटी मात्र त्याआधीच मोडली होती, ती कोल्हापूरनं. ऑगस्ट 2024, पॅरिस. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आप्पांनी गेटवर पेढे वाटले. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकी त्यांना तोंडपाठ, त्यानंतर मराठी माणसाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक म्हणजे 72 वर्षांनी, हा हिशेब पेढ्याबरोबर प्रत्येकाला ऐकावा लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "आजोबा, त्यात एक फेरी गुडघ्यावर, एक पालथं पडून आणि एक उभं राहून असते. पालथं पडून घाम येतो?"

आप्पा म्हणाले, "ते जाकीट बघितलंस का? ताडपत्रीसारखं जाड असतं. घाम आत येतो. बाहेर दिसत नाही."

पण बाण लागला होता. दोन दिवसांनी ते नवी कसोटी घेऊन उतरले. दम. ज्याला दम लागतो तो खेळ. एका दमात शत्रूच्या अंगणात जाऊन, शिवून, परत यायचं यापेक्षा मोठी व्याख्या कुठल्या पुस्तकात आहे का, दाखवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "आप्पा, दम तर सनईवाल्यालाही लागतो."

आप्पा पाच सेकंद गप्प. मग म्हणाले, "सनईवाल्याचा समोरून कोणी पाय धरतो का?"

म्हणजे तिसरी कसोटी आली. समोर कोणीतरी हवं, आणि त्यानं तुम्हाला अडवायला हवं. ही कसोटी तिसऱ्या दिवसापर्यंतच टिकली, कारण मी मल्लखांबाचं नाव काढलं. मल्लखांबाबद्दल आप्पांना देवळाइतका आदर. बाळंभटदादा देवधरांचं नाव घेताना ते खुर्चीत जरा सरळ होतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली, हे ते स्वतः बरोबर गेल्यासारखं सांगतात. मल्लखांबात समोर कोण असतं, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "लाकूड असतं. तेल लावलेलं लाकूड. माणसापेक्षा वाईट."

खरं सांगायचं तर मला आता या कसोट्यांचा पॅटर्न कळलाय. आप्पा आधी निकाल देतात, मग कारण शोधतात. आपल्याकडचे पुष्कळ लोक लग्न ठरवताना असंच करतात, त्यामुळे मी त्यांना फार दोष देत नाही.

दहीहंडीच्या वेळी फक्त ते अडकले. 2022 साली राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्क्यांत वाटा मिळणार असं जाहीर झालं आणि आमच्या गेटवर दोन तट पडले. आप्पांना थर आवडतात. लहानपणी ते स्वतः दुसऱ्या थराला असायचे. घाम आहे, दम आहे, लागतंही. पण आयुष्यभर कबड्डी खेळून त्यांच्या ओळखीच्या कितीतरी पोरांना शिपायाचीही नोकरी लागली नव्हती. त्या दिवशी त्यांनी बरोबरची खूणही केली नाही आणि फुलीही नाही. त्या बातमीवर आप्पांनी एक प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या माहितीत तरी हे एकच.

तिसऱ्या मजल्यावर दुपारी रमीचा अड्डा बसतो. तिथल्या मंडळींनी 2018 च्या जकार्ता एशियाडचं कात्रण जपून ठेवलंय. ब्रिजच्या जोडीत भारताला सुवर्ण, प्रणव बर्धन वय 60, शिवनाथ सरकार वय 56. हे कात्रण लॅमिनेट करून त्यांनी एकदा आप्पांच्या दाराला सेलोटेपनं चिकटवलं. पत्त्यांना सुवर्ण! आप्पा दोन दिवस खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मी विचार केला. दिवस दिवस खुर्चीत बसायचं म्हणजे पाठ धरत असेल त्यांची. धरत असणारच. मग ठीक आहे. ब्रिज बसतो." रमीचा अड्डा टाळ्या वाजवणार इतक्यात पुढचं वाक्य आलं, "रमी नाही. तुम्ही लोडाला टेकता."

पण आप्पांचा खरा मोसम 26 जानेवारीला. झेंडावंदन झालं की सोसायटीच्या स्पर्धा, आणि स्पर्धांचा खर्च दोन कलमांत वाटायचा म्हणजे मी आणि आप्पा आदल्या रात्री केबिनमध्ये बसतो. ही बैठक मी कुठल्याही करमणुकीच्या बदल्यात देणार नाही. पोत्यांची शर्यत: क्रीडा. रस्सीखेच: क्रीडाच, शंकाच नको, 1900 ते 1920 ऑलिम्पिकमध्ये होती, साहेबांनी ती का काढली हे आप्पांना आजतागायत पटलेलं नाही. लिंबू-चमचा? मला वाटलं हे 'इतर'मध्ये जाईल. आप्पांनी चष्मा काढला. "लिंबू पडलं की कोणाला सांगावं लागतं का? नाही. पोरगं स्वतःच थांबतं. स्वतःहून बाद होतं. याच्याहून मोठा खेळ कुठला?" मी मुकाट्यानं 'क्रीडा' लिहिलं.

"आणि संगीत खुर्ची?"

"इतर."

"का? धावतात, धडपडतात. गेल्या वर्षी एका वहिनींचा पाय मुरगळला."

"गाणं कोणाच्या हातात असतं? सेक्रेटरीच्या. त्यांची मिसेस खुर्चीजवळ आली की गाणं थांबतं. हे राजकारण आहे. इतर."

रांगोळीही 'इतर'मध्येच. त्यावर रांगोळीवाल्या काकूंनी एकदा फार मोठा तोफगोळा टाकला होता. त्यांच्या नातीनं शोधून काढलं होतं की 1912 पासून 1948 पर्यंत ऑलिम्पिकमध्ये चित्रकला, शिल्प, संगीत, साहित्य यांनाही पदकं मिळत. म्हणजे रांगोळी 'क्रीडा'त घ्या! आप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "1948 ला बंद केलं ना? म्हणजे त्यांनाही कळलं."

राहता राहिला कॅरम. कॅरमवर आप्पांचा राग जुना आहे. चाळीत कबड्डीला 14 वा गडी मिळायचा नाही, कारण तो गॅलरीत पावडर उडवत बसलेला असायचा. मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेला आहे हे त्यांना ठाऊक आहे. "अर्जुन डोळा फोडायचा, भोक नाही भरायचा," एवढंच म्हणतात. तरी स्टिल्टमध्ये दरवर्षी कॅरमची फायनल लागली की पंच आप्पाच. "खेळ नसला म्हणून काय झालं? नियम आहेत ना? मग कोणीतरी बघायला नको?"

यंदाची फायनल वॉचमन आणि चौथ्या मजल्यावरची एक कॉलेजकन्या यांच्यात. पाण्याच्या ड्रमवर बोर्ड, वर पाइपला लटकवलेला दिवा, आजूबाजूला 30-40 माणसं. आप्पा स्टुलावर, नाक बोर्डापासून वीतभर. मुलीनं पहिलाच स्ट्रायकर ठेवला आणि शिट्टी वाजली. दिव्यावरचं कबूतर उडालं.

"दोन्ही रेषांना टेकव."

"आप्पा, कॅरमला शिट्टी नसते हो!"

"मला असते."

तासाभरानं मुलीचे 20 झाले. शेवटच्या बोर्डात वॉचमनच्या दोन सोंगट्या शिल्लक, तिची एक आणि राणी. तिनं राणी घेतली. आता कव्हर केलं तर राणीचे तीन, त्याच्या दोन सोंगट्यांचे दोन, म्हणजे पंचवीस आणि गेम. नाही केलं तर राणी परत मधोमध. सोंगटी मागच्या बाजूला, थंब मारायला हवा होता. तिनं अंगठा लावला. स्टिल्टमध्ये सगळं चिडीचूप. मी सहज आप्पांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण लय माझ्या ओळखीची होती. डावा हात गुडघ्यावर आला होता, पंजा उघडा, कोणाचा तरी घोटा धरायला टपलेला. कपाळावरून घाम ओघळून चष्म्याच्या दांडीवर आला तरी त्यांनी पुसला नाही.

सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी थबकली आणि पडली. आरडाओरडा झाला. वॉचमन म्हणाला, ती खुर्चीतून उठली होती, फाऊल. आप्पांनी कधीपासून धरून ठेवलेला श्वास सोडला. दोनदा खोकले आणि म्हणाले, "नाही उठली. मी खुर्चीच बघत होतो."

गर्दी पांगल्यावर मी पावत्या घेऊन बसलो. मुद्दाम विचारलं, "मग आप्पा? कॅरमची ट्रॉफी, 450 रुपये. यंदा 'क्रीडा'त टाकू?"

"छे! इतर."

"आणि तुमचा चहा? 3 कप, 45 रुपये."

"तो क्रीडा," आप्पा शिट्टी किल्ल्यांत अडकवत म्हणाले. "पंच क्रीडेतच मोडतो."

तसंच लिहिलंय. एप्रिलमध्ये ऑडिटर येणार आहेत, त्यांना मी आप्पांकडे पाठवणार आहे.