शेजारचा ताळेबंद

फुटबॉलच्या चाहत्याला हिशेब कळत नाही, हा गैरसमज आहे. त्याला ताळेबंद उत्तम वाचता येतो. फक्त तो शेजारच्या क्लबचा असावा लागतो.

खात्री करायची असेल तर ग्लासगोला चला. १४ फेब्रुवारी २०१२, व्हॅलेंटाइन डे. १८७२ साली स्थापन झालेला रेंजर्स क्लब त्या दिवशी प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि शहराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला, म्हणजे सेल्टिकच्या गोटाला, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे वैर म्हणजे काय चीज आहे, ते शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार पाहिलेल्या कोल्हापूरकराला सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की तिथे पेठांच्या जागी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक आहेत आणि शंभराहून जास्त वर्षांची उजळणी आहे.

कालपर्यंत ज्याला स्वतःची पगाराची पावती नीट उलगडत नव्हती, तो गडी त्या वसंतात पबमध्ये बसून व्हॅट, अवसायन आणि घेणेकऱ्यांशी तडजोड यांवर व्याख्यानं देऊ लागला. आणि गंमत म्हणजे बरोबर बोलत होता.

कारण प्रकरण होतंच तसं. मे २०११ मध्ये डेव्हिड मरे यांनी रेंजर्समधला आपला सुमारे ८५ टक्के हिस्सा क्रेग व्हाइट नावाच्या गृहस्थांना विकला. किंमत: १ पौंड. बदल्यात बँकेचं १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज फेडायचं ठरलं. व्हाइटसाहेबांनी फेडलंही. कुणाच्या पैशानं? चाहत्यांच्या. पुढच्या काही हंगामांची सीझन तिकिटं आधीच एका कंपनीला विकून २ कोटी ४० लाख पौंड उचलले आणि त्यातून बँक भागवली. म्हणजे क्लब विकत घेतला क्लबच्याच गिऱ्हाइकांच्या अजून न आलेल्या पैशांवर. वर खेळाडूंच्या पगारातून कापलेला कर आणि व्हॅट मिळून सुमारे ९० लाख पौंड सरकारकडे भरलेच नाहीत. पुढे २०१७ मध्ये ग्लासगोच्या न्यायालयात ज्यूरीनं व्हाइट यांना फसवणुकीच्या आरोपातून निर्दोष सोडलं. थोडक्यात, क्लब बुडाला, पण गुन्हा झाला नाही. ही सोय फार मोठ्या रकमांनाच मिळते.

पण सगळं पाप व्हाइटच्या पदरात टाकणं हा रेंजर्सवाल्यांचा आवडता छंद आहे, पण ते खरं नाही. ऋण काढून सण मरे यांच्याच काळात सुरू झाला होता. सेल्टिकनं ५ पौंड खर्च केले तर आम्ही १० करू, अशी त्यांची प्रसिद्ध फुशारकी होती. तेव्हा रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाच्या स्टँडमधून एकानंही विचारलं नाही की १० येणार कुठून. १९९७ पर्यंत ओळीनं ९ विजेतेपदं मिळाली होती. करंडक आला की पावती कोण मागतो?

सेल्टिकचे चाहते मात्र आता पावत्या मागत होते. ७ एप्रिल २०१२ ला किल्मार्नॉकला ६-० नं हरवून त्यांनी लीग जिंकली, आणि जल्लोषात रेंजर्सच्या श्राद्धाचं, जेली आणि आइस्क्रीम खाण्याचं गाणं होतंच. तिकडे जेली-आइस्क्रीम हा लहान मुलांच्या वाढदिवसाचा बेत. तेराव्याला वाढदिवसाचा बेत ठेवणं असभ्य खरं. पण ज्यांनी नव्वदचं दशक मान खाली घालून काढलं, त्यांच्याकडून तुम्ही सांत्वनपर भेटीची अपेक्षा करत असाल तर तुम्ही क्रिकेट पाहा.

तरी माझ्या मते त्या उन्हाळ्यात सर्वांत प्रामाणिक माणसं हीच होती, दात काढणारी. खोटेपणा गंभीर चेहऱ्याच्या लोकांकडे होता.

जूनमध्ये करखात्यानं तडजोड धुडकावली. जुनी कंपनी अवसायनात निघाली. चार्ल्स ग्रीन यांच्या गटानं मैदानासकट मालमत्ता ५५ लाख पौंडांत उचलली आणि नवी कंपनी घेऊन तो दारात उभा राहिला: आम्हाला वरच्या लीगमध्ये घ्या, जणू काही झालंच नाही. आणि फुटबॉलचे कारभारी घ्यायला तयार होते! नाहीतर म्हणे टीव्हीचा करार बुडेल, छोटे क्लब मरतील. महासंघाचे मुख्य कार्यकारी स्टुअर्ट रेगन यांनी तर सामाजिक अशांतता होईल इथवर इशारा दिला. एक क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये खेळला म्हणून दंगे होतात, हे समाजशास्त्र तेव्हाच कळलं.

इथे चाहते अडले. सेल्टिकचे एकटेच नव्हेत. ॲबरडीन, डंडी युनायटेड, हार्ट्स, हिब्स अशा सगळ्यांच्या चाहत्यांनी आपापल्या अध्यक्षांना कळवलं, की नियम वाकवलात तर सीझन तिकीट घेणार नाही. अध्यक्ष लोकांचं तत्त्वनिष्ठेशी फारसं सख्य नसतं, पण तिकीटखिडकी त्यांना कळते. ४ जुलैला १० क्लबांनी विरोधात मत दिलं. किल्मार्नॉक तटस्थ राहिला. बाजूनं पडलेलं एकमेव मत रेंजर्सचं स्वतःचं होतं. १३ जुलैला खालच्या लीगच्या ३० पैकी २५ क्लबांनी त्यांना थेट तळाच्या, म्हणजे चौथ्या स्तरावर पाठवलं.

मग प्रलय आला का? सेंट मिरननं २०१३ मध्ये इतिहासात पहिल्यांदा लीग कप जिंकला. सेंट जॉनस्टन या १८८४ च्या क्लबनं २०१४ मध्ये पहिला स्कॉटिश कप उचलला. २०१५ मध्ये तो इन्व्हरनेसला गेला, तोही पहिल्यांदाच. लीग मात्र दर वर्षी सेल्टिककडेच, हे मान्य. तो भाग कंटाळवाणा होता आणि सेल्टिकवाले सोडून सगळ्यांनाच तसं वाटलं.

चौथ्या स्तरावर रेंजर्सचं काय झालं, हे वाचताना सेल्टिकच्या घराघरांत पेपराची पानं झिजली असतील. लीगची सुरुवात पीटरहेडला, उत्तर समुद्राच्या काठावर. शेवटच्या मिनिटांत गोल झाला म्हणून २-२ वर सुटका. ऑक्टोबरमध्ये तळाला असलेल्या स्टर्लिंग अल्बियननं त्यांना १-० नं हरवलं. त्या दिवशी स्टर्लिंगचे व्यवस्थापक मैदानावर नव्हतेच. त्यांचं लग्न होतं. आणि हा स्टर्लिंग क्लब चाहत्यांच्या मालकीचा, हे विशेष.

पण त्याच हंगामात ईस्ट स्टर्लिंगशरसारख्या संघाविरुद्धच्या सामन्याला आयब्रॉक्समध्ये ४९,११८ माणसं आली. चौथ्या स्तरावर एवढी गर्दी हा तेव्हाचा विक्रम. मेलेल्याच्या घरी इतकी माणसं जमतात, ती एकदाच. इथे दर पंधरवड्याला जमू लागली, तेव्हा हसणाऱ्यांची पंचाईत झाली.

त्यांनी तोडगा काढला: हा तो क्लबच नव्हे. जुना मेला, हा नवा, २०१२ चा जन्म. १ फेब्रुवारी २०१५ ला लीग कपच्या उपान्त्य सामन्यात दोघं समोरासमोर येणार होते. त्याआधी सेल्टिकच्या चाहत्यांनी वर्गणी काढून एका रविवारच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली, की या दोन क्लबांची ही पहिलीच भेट आहे. ज्याचं अस्तित्वच अमान्य, त्याच्यासाठी पानभर जाहिरात! २०२१ मध्ये रेंजर्सनं एकही सामना न हरता लीग जिंकली. त्यांच्या मते ती ५५ वी, समोरच्यांच्या मते पहिली. हा वाद आजही चालतो आणि दोन्ही बाजूंना तो संपायला नको आहे.

या धुमाळीत एका कागदाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. घेणेकऱ्यांची यादी. पावणेतीनशेच्या वर नावं. त्यात रुग्णवाहिका सेवा आहे, वर्तमानपत्रांचा दुकानदार आहे, सामन्याच्या दिवशी पोरांचे चेहरे रंगवणारी व्यक्तीही आहे. डंडी युनायटेड आणि डनफर्मलिन आहेत. आणि सुमारे ४० हजार पौंडांसाठी खुद्द सेल्टिकही आहे. चेहरे रंगवणाऱ्यासाठी जाहिरात कुणी दिली नाही. ना हिरव्या सेल्टिकवाल्यांनी, ना निळ्या रेंजर्सवाल्यांनी.

बरं, सेल्टिकला हिशेबाची एवढी शिस्त आली कुठून? मार्च १९९४ मध्ये ते स्वतः बँकेच्या दारात बुडण्यापासून काही तासांवर होते. तेव्हाच्या संचालकांचा कारभार चाहत्यांच्या भाषेत बिस्किटाच्या डब्यातला, म्हणजे चिंगूस. कॅनडाहून फर्गस मकॅन आले, पैसे टाकले, ६० हजारांचं स्टेडियम उभं केलं, पै-पैचा हिशेब ठेवला, आणि १९९८ मध्ये रेंजर्सचं ओळीनं दहावं विजेतेपद अडवणारी लीग क्लबला मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मकॅन मैदानावर विजयाचा झेंडा फडकवायला उतरले, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. का? खेळाडूंवर पुरेसा पैसा सोडत नाहीत म्हणून.

आपला तो बाब्या, हे क्लबच्या बाबतीत अर्धंच खरं. आपल्या क्लबचा पैसा हा चाहत्याच्या लेखी पैसाच नसतो, तो न घेतलेला सेंटर फॉरवर्ड असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्टिक चॅम्पियन्स लीगच्या दारात कझाकस्तानच्या कैरात अल्माटीकडून पेनल्टींवर हरला. त्या वर्षीच्या ताळेबंदात रोकड शिल्लक ७ कोटी पौंडांहून अधिक. कर्जाच्या डोंगराला हसलेल्या याच स्टँडमधून मग संचालक मंडळ हटवा अशा घोषणा सुरू झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा गदारोळात गुंडाळावी लागली. मुख्य तक्रार: बँकेत एवढे पैसे का आहेत?